ब्रानिमिरच्या मनात काय होतं

राज्य कसं स्थापन होतं हे खरोखर समजलेले एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले, आणि ते ऑस्ट्रेलियातल्या वेरिबी गावात आमच्या कुंपणापलीकडे सैल हाफपँट घालून टोमॅटोंना पाणी घालत असत. भल्याभल्या प्राध्यापकांना हा विषय समजवायला जाड पुस्तकं लागतात. आमच्या शेजारच्या आजोबांना त्यासाठी पाण्याचा पाइप आणि कचऱ्याचे दोन डबे पुरत. जवळच्याच टार्निटच्या भाड्याच्या घरातून आम्ही या जुन्या विटांच्या घरात आलो, त्या दिवशी सामानाचा ट्रक अजून दारात उभा होता. आजोबा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गच्च टोमॅटो भरून आले आणि नावगाव न विचारता म्हणाले, "इंडियन? गुड. तुमच्याकडे पहिला कोण?" माझा नवरा निखिल याला वाटलं, सलामीच्या फलंदाजाबद्दल विचारताहेत. त्याने भाबडेपणाने उत्तरही दिलं. आजोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आमचा ब्रानिमिर." मग ट्रकवाल्याला ताटकळत ठेवून त्यांनी आम्हाला पाऊण तास नवव्या शतकात नेऊन उभं केलं.

आजोबा मूळचे क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी इकडे आले तेव्हा त्यांच्या कागदांवर युगोस्लाव्हिया असं लिहिलेलं होतं. पुढे तो देशच नकाशावरून गेला आणि कागद मात्र कपाटात राहिला. यामुळे असेल कदाचित, पण देश म्हणजे नक्की काय आणि तो कुठून सुरू होतो, याचा त्यांना ध्यासच लागला होता. त्यांच्या मते हा सगळा मामला ब्रानिमिर नावाच्या ड्यूकपासून सुरू होतो. अकराशे वर्षांपूर्वी एका बाजूला फ्रँक लोकांचं राज्य आणि दुसऱ्या बाजूला कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट, अशा दोन दांडग्यांच्या मधोमध हा छोटा ड्यूक उभा राहिला, आणि रोमच्या पोपने त्याला पत्र लिहून त्याची सत्ता मान्य केली. हा प्रसंग दर मंगळवारी, म्हणजे कचऱ्याची गाडी येण्याच्या दिवशी, आमच्यासमोर सादर होई. हिरव्या झाकणाचा डबा म्हणजे फ्रँक, पिवळ्या झाकणाचा म्हणजे सम्राट, आणि मध्ये स्वतः आजोबा, हात कमरेवर. मला शिफ्टला उशीर होत असे. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि तिथले पेशंट नवव्या शतकासाठी थांबत नाहीत. पण गाडी रिव्हर्समध्ये टाकावी तर मागे सम्राट उभा.

त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. राज्याला तीन गोष्टी लागतात. कुणीतरी म्हणावं लागतं, हे माझं. शेजाऱ्याने म्हणावं लागतं, हो बाबा, तुझं. आणि ते दगडावर लिहावं लागतं, कारण शेजारी विसरतो. "क्राउन वगैरे नंतर, मेट," ते म्हणत. मेट, म्हणजे दोस्त, ते सगळ्यांनाच म्हणत. मला, पोस्टमनला, एकदा तर लिंबाच्या झाडालाही. मुकुटाचा विषय निघाला की त्यांचा पारा चढे, कारण त्यांच्या लोकांच्या क्लबात मोठ्या हॉलमध्ये तसबीर होती ती पुढच्या काळातल्या तोमिस्लाव राजाची, घोड्यावर बसलेल्या. या तोमिस्लावला आजोबा अक्षरशः पाण्यात पाहत. "स्लॅब घातला कुणी? ब्रानिमिरने. हा नंतर आला आणि रंग दिला!" मी एकदा त्यांना आयत्या बिळावर नागोबा ही म्हण इंग्रजीत समजावून सांगितली. ती त्यांना इतकी आवडली की त्या रविवारी त्यांनी ती क्लबात जाऊन ऐकवली. त्यानंतर चार महिने त्यांना क्लबातून कुणाचा फोन आला नाही, आणि याचं खापर त्यांनी मोठ्या मनाने माझ्या संस्कृतीवर फोडलं.

मीही काही कमी नव्हते. एका रविवारी फोनवर शोधाशोध केली आणि कुंपणापाशी जाऊन त्यांना विचारलं, "तुमचा ब्रानिमिर आधीच्या ड्यूकचा काटा काढून गादीवर बसला, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत?" आजोबांनी पाइप बंद केला. थोडा वेळ टोमॅटोंकडे पाहिलं आणि म्हणाले, "काम सुरू करायच्या आधी साइट क्लीन करावी लागते."

आजोबा जन्मभर काँक्रीटचं काम करत आले होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना त्याच मापाने मोजता येई. त्यांच्या परसात गवताचं पातं नव्हतं. गवत म्हणजे अर्धवट सोडलेलं काम, असं त्यांचं मत. टेबल काँक्रीटचं, बाकं काँक्रीटची, पक्ष्यांना पाणी ठेवायची परात काँक्रीटची. लिंबाच्या झाडाला मात्र स्लॅबमध्ये एक गोल भोक ठेवून जगायची परवानगी दिलेली. शनिवारी दुपारी ते टार्निटकडच्या नव्या वस्त्यांतून चक्कर मारत आणि दुसऱ्यांनी घातलेले स्लॅब हाताची घडी घालून बघत. एकदा मीही बरोबर गेले. चांगल्या दिसणाऱ्या एका स्लॅबसमोर उभं राहून ते खालच्या आवाजात म्हणाले, "दीड वर्ष." मी विचारलं, कशाला? "तडा जायला." आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाच्या खांद्यावर ठेवतात तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पण त्यांचं खरं वैभव म्हणजे गॅरेजच्या दारावरची तुळई. ब्रानिमिरचं नाव कोरलेला जुन्या चर्चमधल्या दगडी पट्टीचा एक तुकडा त्यांच्या देशात सापडलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'ब्रानिमिर, क्रोएटांचा ड्यूक, याच्या मनात आलं' आणि पुढे दगड तुटलेला. काय मनात आलं ते अकराशे वर्षांत कुणाला कळलेलं नाही. आजोबांनी तशीच पट्टी, अक्षरांसकट, काँक्रीटमध्ये ओतून गॅरेजवर बसवली आणि मग फोटो समोर ठेवून, छिन्नीने, दोन दिवस खपून ती मूळ दगडासारखी बरोब्बर तोडली. त्यांची बायको तेव्हा हयात होती. ती म्हणाली म्हणे, "जन्मात पहिल्यांदा वेळेवर काम पुरं केलंस, आणि तेही फोडायला!" तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा त्या तुळईखाली उभं करत आणि विचारत, "सांग, त्याच्या मनात काय आलं?" प्लंबर म्हणाला, बाथरूम करून घ्यावं. निखिल म्हणाला, एक दिवस रजा टाकावी. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "मेबी ही जस्ट फरगॉट." आजोबांनी सगळी उत्तरं सारख्याच गांभीर्याने ऐकली आणि एकही मान्य केलं नाही.

मग माझ्या सासूबाई नाशिकहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आजोबांचं इंग्रजी आजोबांखेरीज कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. व्यवहार मुख्यतः आइस्क्रीमच्या डब्यातून चाले. पलीकडून अंजीर आले की अलीकडून चकल्या जात, कारण रिकामं भांडं परत करायचं नसतं. योगायोग असा की आजोबांच्या गावीही रिकामं भांडं परत करत नाहीत. त्यामुळे तो डबा एकदा सुरू झाला तो थांबेचना. मी एकदा मध्येच तो धुऊन नुसताच कुंपणावर ठेवला, तर दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

सासूबाईंना या देशात एकच गोष्ट खटकत होती. घराला उंबरठा नाही. "अगं, दार कसलं हे? बाहेर कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं काही कळतच नाही. हळदीकुंकू कुठे वाहायचं, पायपुसण्यावर?" अशी त्यांची रोजची तक्रार. तर एके दिवशी आजोबांनी त्यांनाही तुळईखाली उभं केलं आणि माझ्यामार्फत प्रश्न विचारला. सासूबाईंनी वर पाहिलं, गॅरेजकडे पाहिलं, आणि क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "दाराला उंबरठा घालावा, असं आलं असेल मनात. दुसरं काय?"

मी भाषांतर केलं. आजोबांना उंबरठा माहीत नव्हता. मी सांगितलं, दाराच्या तळाशी आडवा बसवतात, आत येणाऱ्याला पाय उचलावा लागतो. आजोबा हळूच म्हणाले, "जिथे पाय उचलावा लागतो तिथून देश सुरू होतो." आणि सासूबाईंकडे बोट करून मला म्हणाले, "मेट, या बाईंना समजलंय."

हे सगळं असंच चाललं असतं. पण त्या हिवाळ्यात आजोबा स्वतःच घातलेल्या, एकही तडा नसलेल्या काँक्रीटवर घसरून पडले. एक्स-रे माझ्याच मशीनवर निघाला. खुबा वाचला होता, पण ब्रिस्बेनहून त्यांची मुलगी आली आणि तिने एका आठवड्यात सगळं ठरवलं. आजोबा तिच्याकडे जाणार, घर विकायचं. घेणारा बिल्डर होता. सगळं पाडून तीन छोटी घरं बांधणार होता. मुलगी वाईट नव्हती. ती दमलेली होती आणि तिचं बरोबर होतं, हे आजोबांनाही कळत होतं. बाकं, टेबल, परात, कशाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "तोडू दे," म्हणाले. फक्त तुळई तेवढी त्यांना हवी होती. पन्नास वर्षं या देशात राहिल्याची तेवढी एकच लिहिलेली खूण, ती हातोड्याखाली जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

कटर घेऊन त्यांचा एक जुना दोस्त आला. दोघांनी शिडी लावून तुळई दोन्ही बाजूंनी तपासली. दोस्त खाली उतरला आणि म्हणाला, ही निघणार नाही. दोन्ही खांबांत जाड सळया पार आत घेतल्या आहेत, काढायला गेलं की तुकडे होतील. "कुठल्या मूर्खाने केलं हे?" आजोबा ओरडले. मग स्वतःच्याच कामाकडे वर बघत राहिले. इतकं पक्कं करायची काहीच गरज नव्हती. मला तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. त्यानंतर पंधरा दिवस कुंपणापलीकडे पाइपचा आवाज आला नाही आणि मंगळवारी फ्रँक आणि सम्राट रस्त्यावर नुसतेच उभे राहिले.

मग एका सकाळी बेल वाजली. आजोबा काठी टेकत, टेप घेऊन दारात. काही न बोलता त्यांनी आमच्या दाराची रुंदी घेतली आणि मला म्हणाले, "तुझ्या सासूचं नाव तुमच्या अक्षरांत लिहून दे. आणि ते, मनात आलं, तेही." आता सासूचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, लिहायची तर नाहीच. मला वाटलं, जाताना भेटकार्ड देतील. वाणसामानाच्या यादीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वरच्या रेषेवरून बोट फिरवत म्हणाले, "तुमची अक्षरं लाइनदोरीला टांगलेली असतात! गवंड्याची भाषा आहे ही."

सहा दिवस त्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली काहीतरी चाललं होतं. सातव्या दिवशी निखिल आणि तो दोस्त ढकलगाडीवरून ते धूड घेऊन आले. आजोबांनी ताडपत्री ओढली. उंबरठाच होता तो. कडा इतक्या सरळ की हात फिरवावा, आणि वरच्या अंगाला देवनागरीत, बोटभर खोल, 'शालिनी, मनात आलं'. साच्यात प्रत्येक अक्षर उलटं करून बसवावं लागतं. ज्यांना एक अक्षर वाचता येत नाही त्यांनी एकही वेलांटी चुकवली नव्हती. उजवीकडची कड मुद्दाम फोडलेली, ब्रानिमिरसारखी.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर तोंडाशी गेला. आणि दुसऱ्या क्षणी त्या दोन पावलं मागे सरकल्या. "अगं बाई! याच्यावर पाय कसा द्यायचा? अक्षरं आहेत ती!"

इथे माझीच चूक होती. पुस्तकाला पाय लागला तर आपण ते कपाळाला लावतो, हे मी आजोबांना कधी सांगितलंच नव्हतं. मी कसंबसं समजावलं, की आमच्यात अक्षरं म्हणजे सरस्वती, तिला पाय लावत नाहीत, आणि त्यात नाव या घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं. "पण सगळेच पाय देणार ना, मिसेस," आजोबा गोंधळून म्हणाले, "त्यासाठीच तर स्ट्राँग केलाय." सासूबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. मी म्हणाले, भिंतीत बसवू या, बागेत ठेवू या. आजोबा म्हणाले, "उंबरठा बागेत?" मग त्यांनी ताडपत्री पुन्हा त्यावर नीट पसरली, चारी कोपरे सारखे केले आणि म्हणाले, "नो वरीज, मेट. नो वरीज." इतकं दुःखी नो वरीज मी ऑस्ट्रेलियात दुसरं ऐकलेलं नाही. सामानाचा ट्रक चार दिवसांवर आला होता.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी बेसनाचे लाडू वळले, डब्यात भरले, दुसऱ्या हातात पोळपाट घेतला आणि मला न सांगता एकट्याच पलीकडे गेल्या. मी खिडकीतून बघत होते. काँक्रीटच्या टेबलाशी आजोबा बसले होते. सासूबाईंनी लाडू त्यांच्यासमोर सरकवले. मग पोळपाट टेबलावर ठेवला, त्याच्या वरच्या अंगावर बोटाने काहीतरी लिहिल्यासारखं केलं, त्याला नमस्कार केला, आणि पोळपाट उचलून पालथा घातला. लिहिलेली बाजू खाली. वरून हाताचा पंजा थोपटून दाखवला, की आता खुशाल पाय द्या.

आजोबा पोळपाटाकडे बघत राहिले आणि एकदम उठून उभे राहिले, काठी न घेता. "लिसन! लिसन, मेट!" ते खिडकीकडे बघून मला ओरडून सांगू लागले. त्यांच्याकडे जुनी चर्चं पडली तेव्हा कोरलेले दगड लोकांनी नेऊन पायऱ्यांना, भिंतींना लावले. तोंड खाली, तोंड आत. म्हणून तर अक्षरं वाचली! उघड्यावर राहिलेली पावसाने खाल्ली. "अशीच सापडतात ती! कुणीतरी एक दिवस उचलतो आणि खाली नाव असतं!" आदल्या दिवशी ज्याचा मान गेला होता त्या दगडाला आता खुद्द ब्रानिमिरच्या पंक्तीत जागा मिळाली होती. आजोबांनी लागोपाठ तीन लाडू खाल्ले.

उंबरठा त्यांनी स्वतः बसवला. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून लिंबाखालचं स्टूल आणवलं आणि त्यावर बसून निखिलला हुकूम सोडले. अक्षरांत सिमेंट भरू नये म्हणून आधी बारीक वाळू दाबून घेतली, मग पालथा घातला, मग लेव्हल लावली, मग पुन्हा लावली. सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. आजोबांनी पाय उचलून आत पाऊल टाकलं, वळले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. "आता आहे," म्हणाले. जाण्याच्या दिवशी त्यांनी झाडावरची उरलेली सगळी लिंबं आमच्या दारात ठेवले, आइस्क्रीमच्या डब्यात. मुलगी गाडीत हॉर्न वाजवत होती, त्यामुळे डबा भरून परत करायला वेळच मिळाला नाही.

पुढच्या महिन्यात घर पाडायचं मशीन आलं. घर अर्ध्या दिवसात गेलं. तुळईपाशी मात्र चालवणारा माणूस दोनदा खाली उतरला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि शिव्या घातल्या. मी रात्रपाळी करून आले होते, तरी दारात उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं. मग ब्रिस्बेनला फोन लावला. आजोबांनी एकच विचारलं, "किती वेळ लागला?"

"दीड तास," मी म्हणाले. "नुसत्या तुळईला."

पलीकडून ते म्हणाले, "दीड तास," आणि त्या आवाजात जो अभिमान होता तो ऐकून मला रडू आलं. ते सावरून म्हणाले, "आणि तो दुसरा? आहे ना?" मी म्हटलं, आहे, मी आत्ता त्याच्यापाशीच उभी आहे. "मग तुझ्या सासूला विचार. पुढचं काय होतं? तिच्या मनात काय आलं? मी तुटका ठेवलाय, पण मला माहीत असायला हवं."

सासूबाई उंबरठ्यावर रांगोळीचं बोट ओढत होत्या. मी प्रश्न सांगितला. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना म्हणावं, तुमचा डबा माझ्याकडे राहिलाय. मी तो रिकामा पाठवणार नाही आणि पोस्टाने तर मुळीच पाठवणार नाही. येऊन घेऊन जा, असं आलंय मनात."

मी ते त्यांना शब्दशः सांगितलं. ते येतील असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं. पण डबा फळीवर आहे. दर पंधरा दिवसांनी सासूबाई त्यातले शिळे लाडू काढतात आणि ताजे भरतात.